कीटकांच्या पेशीत मेद कोण वाहून नेतं, आणि त्याला दिशा कोण देतं?

प्रश्न असा आला आहे: "टोळाच्या रक्तातून लिपोफोरिन मेद वाहून नेतं, इथपर्यंत पुस्तकात नीट दिलंय. पण पेशीच्या आत गेल्यावर काय? पेशीद्रव म्हणजे तर पाणीच. तिथे मेदाला कोण उचलतं, आणि कुठे न्यायचं हे त्या प्रथिनाला कसं कळतं? शिवाय एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी फळमाशीवर यातलं काय बघता येईल?"

आधी थेट उत्तर देते. बहुतेक वाहक प्रथिनांना दिशा कळत नाही. ती मेदाचा एखादा रेणू पोटात घेतात, पाण्यापासून त्याला लपवतात आणि पेशीद्रवात वाट फुटेल तिकडे फिरत राहतात. तरीही मेद एकाच बाजूला सरकतो, कारण एका टोकाला एन्झाइमं तो सतत सुटा करत असतात आणि दुसऱ्या टोकाला दुसरी एन्झाइमं तो सतत संपवत असतात. आकृतीत वाहक प्रथिनाच्या डोक्यावर बाण काढलेला असतो, म्हणून बाण त्याचाच आहे असं वाटतं. तो सगळ्या साखळीचा असतो. याला दोन-तीन देखणे अपवाद आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

अडचण नेमकी कसली

मेदाम्लाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब शेपटी आणि एका टोकाला आम्लगट. पामिटिक आम्लात १६ कार्बन असतात, ओलेइक आम्लात १८. या शेपटीला पाणी सहन होत नाही. सुट्या स्वरूपात अशी मेदाम्लं पाण्यात अगदी नगण्य प्रमाणातच राहू शकतात; जरा वाढली की ती एकमेकांना चिकटतात किंवा समोर येईल त्या पटलात घुसतात. साबण म्हणजे मेदाम्लांचे क्षारच, त्यामुळे पटलात घुसलेलं जादा मेदाम्ल काय करत असेल याचा अंदाज तुम्हाला येईल: पटल सैल होतं, गळू लागतं. थोडक्यात, वाहक प्रथिनाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. मेदाला पाण्यातून न्यायचं आणि पेशीला मेदापासून वाचवायचं. दुसरं काम विद्यार्थी हमखास विसरतात, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकंच मोठं आहे.

साठवायचा मेद याच कारणाने तीन-तीन मेदाम्लं ग्लिसरॉलला जोडून ट्रायग्लिसराइडच्या रूपात ठेवला जातो. कीटकांत हा साठा मुख्यतः फॅट बॉडी नावाच्या ऊतीत असतो. तिथल्या साठवलेल्या मेदापैकी ९० टक्क्यांहून जास्त ट्रायग्लिसराइड असतं, आणि ते फॉस्फोलिपिडांच्या एकेरी थराने वेढलेल्या थेंबांत भरलेलं असतं. या थेंबांकडे परत येऊच.

टोळाच्या स्नायूतलं १५ किलोडाल्टनचं प्रथिन

पेशीच्या आतली मेदवाहतूक समजून घ्यायला वाळवंटी टोळाच्या उड्डाण-स्नायूइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. टोळ उडायला लागला की सुरुवातीला तो रक्तातली ट्रेहॅलोज ही साखर जाळतो. साधारण अर्ध्या तासाने इंधन बदलतं आणि मग तासन् तास मेदावर उड्डाण चालतं. स्नायूपेशीच्या बाहेर लिपोफोरिनमधल्या डायग्लिसराइडचं विघटन होऊन मेदाम्लं सुटी होतात, पेशीपटलातून आत येतात, आणि पटलापासून मायटोकॉन्ड्रियापर्यंतचं पाणी त्यांना पार करायचं असतं. अंतर मायक्रोमीटरांतलं, पण प्रवाह प्रचंड. कारण उडणाऱ्या कीटकाच्या स्नायूइतक्या वेगाने ऊर्जा खर्च करणाऱ्या ऊती प्राणिसृष्टीत फार थोड्या.

हे पाणी पार करून देणारं प्रथिन म्हणजे मेदाम्ल-बंधक प्रथिन. प्रयोगशाळेत सगळे त्याला एफएबीपीच म्हणतात. नॉर्बर्ट हॉनरलँड यांच्या गटाने १९९० च्या दशकात टोळातल्या एफएबीपीचं काम तपशिलाने केलं. प्रौढ टोळाच्या उड्डाण-स्नायूत पेशीद्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी १८ टक्क्यांपर्यंत हे एकच प्रथिन असतं. हा आकडा किती मोठा आहे हे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर दिसतं. छातीतला स्नायू थंड बफरमध्ये वाटायचा, सेंट्रिफ्यूज करायचा आणि वरचं स्वच्छ द्रव तसंच जेलवर चालवायचं. शुद्धीकरण काहीही केलेलं नसतं, तरी १५ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास एक जाड, गडद पट्टा उठून दिसतो. शेजारच्या लेनमध्ये पंख न फुटलेल्या पिल्लाच्या स्नायूचा नमुना असेल तर तिथे तो पट्टा नसतो. हे प्रथिन शेवटची कात टाकून टोळ प्रौढ झाल्यावरच तयार होऊ लागतं आणि साधारण दहा दिवसांत कमाल पातळी गाठतं. लांबच्या उड्डाणाची क्षमताही त्याच सुमारास येते. आणखी एक गोष्ट: टोळाला उडवलं, किंवा मेद मोकळा करायला लावणारं ॲडिपोकायनेटिक हार्मोन त्याला दिलं, तर एफएबीपीचा संदेशवाहक आरएनए वाढतो. म्हणजे मेदाचा ओघ वाढला की स्नायू जादा वाहक तयार करतो.

आता या प्रथिनाची घडी बघा. जेमतेम १३० अमिनो आम्लांच्या आसपासची साखळी, तिच्यात दहा बीटा-पट्ट्या. या पट्ट्या वळून एक पोकळ पिंप तयार होतं आणि त्याच्या तोंडाशी दोन आखूड अल्फा-हेलिक्स झाकणासारखी बसतात. मेदाम्ल आतल्या पोकळीत शिरतं, त्याचा आम्लगट आत खोलवर धनभारित बाजूसाखळ्यांशी बांधला जातो. पोकळी पूर्ण कोरडी नसते, आत पाण्याचे काही रेणूही असतात. त्यामुळे मेदाम्ल घट्ट जखडलं जात नाही, धरलं जातं आणि सोडलंही जातं. टोळाच्या आणि माणसाच्या हृदयस्नायूतल्या एफएबीपीचा अमिनो आम्लांचा क्रम साधारण ४० टक्के जुळतो, घडी मात्र जवळपास तीच. कीटक आणि पृष्ठवंशी वेगळे झाल्याला कोट्यवधी वर्षं उलटली तरी ही रचना टिकून आहे.

मग दिशेचं काय? हिशेब सोपा आहे. पाण्यातून पलीकडे किती मेदाम्ल जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: रेणू किती वेगाने पसरतात, आणि दोन टोकांच्या प्रमाणात फरक किती आहे. एफएबीपीला चिकटलेलं मेदाम्ल सुट्या मेदाम्लापेक्षा हळू पसरतं, कारण प्रथिन मोठं. पण सुटं मेदाम्ल पाण्यात जवळजवळ नसतंच, आणि एफएबीपीमुळे त्याचं पाण्यातलं एकूण प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. वेगात थोडं गमावून प्रमाणात प्रचंड कमावलं जातं. पटलाजवळ मेदाम्लं सतत येत असल्यामुळे तिथली एफएबीपी भरलेली असतात. मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलावर मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडलं जातं, मग कार्निटाइन या छोट्या वाहक रेणूच्या वाटेने ते आत जातं आणि जळतं; त्यामुळे तिथली एफएबीपी रिकामी होत राहतात. भरलेली प्रथिनं रिकाम्यांच्या बाजूला पसरतात, रिकामी उलट येतात. उड्डाण थांबलं, मायटोकॉन्ड्रियाची भूक संपली, की तीच प्रथिनं तशीच फिरत असतात आणि मेदाचा निव्वळ प्रवाह मात्र मंदावतो.

बांधणं म्हणजे वाहणं नव्हे

इथे थोडं थांबून एक गोष्ट आग्रहाने सांगते, कारण या विषयावरचं निम्मं वाचन तिच्याअभावी चुकीच्या दिशेने जातं. परीक्षानळीत एखादं प्रथिन मेदाम्ल बांधतं हे दाखवणं सोपं आहे. किरणोत्सारी ओलेइक आम्ल पेशीद्रवात मिसळा, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनच्या स्तंभातून सोडा, १५ किलोडाल्टनच्या जागी किरणोत्साराचं शिखर येईल. पण त्यावरून एवढंच कळतं की त्या प्रथिनाला मेदाम्ल आवडतं. मेदाला पाणी आवडत नाही म्हणून ते मिळेल त्या तेलकट खाचेत जाऊन बसतं. अशा खाचा असलेली प्रथिनं पेशीत पुष्कळ असतात. वाहतूक सिद्ध करायची तर ते प्रथिन काढून टाकून प्राण्याचं काय अडतं ते बघावं लागतं.

टोळाच्या बाबतीत हे काम २०१९ मध्ये झालं. नुकत्याच प्रौढ झालेल्या नरांना दुहेरी धाग्याचा आरएनए टोचून एफएबीपी बंद केलं गेलं (या तंत्राला आरएनएआय म्हणतात). तीन आठवड्यांनी स्नायूत ते प्रथिन सापडेनासं झालं. बसलेले टोळ बाहेरून अगदी ठणठणीत, वागण्यात काही फरक नाही. उडवल्यावर पहिला, साखरेवरचा टप्पा त्यांनी व्यवस्थित पार केला. मेदही रक्तात नेहमीसारखा उतरला. पण अर्ध्या तासापुढे, जिथे मेदावर चालायचं असतं, तिथे एफएबीपी नसलेले टोळ क्वचितच पोचले. एफएबीपी शाबूत असलेले टोळ मात्र दोन तासांच्या पुढेही उडत राहिले. रक्तात इंधन भरपूर, मायटोकॉन्ड्रिया शाबूत, आणि मधल्या मायक्रोमीटरभर पाण्यात गाडी अडलेली. 'पेशीच्या आत खास वाहक लागतो का?' या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

आत घेतानाच कडी लावणं

पटलाच्या दाराशी काय होतं ते रेशीमकिड्याच्या मादीत छान दिसतं. तिच्या पोटाच्या टोकाशी गंधग्रंथी असते. तिथे पामिटिक आम्लापासून बॉम्बिकॉल हे नराला बोलावणारं रसायन तयार होतं. (बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ओळखलेलं हे पहिलं कीटक-फेरोमोन.) प्रौढ होण्याच्या सुमारास या ग्रंथीच्या पेशी मेदाच्या थेंबांनी भरतात, आणि मेंदूकडून हार्मोनचा इशारा आला की थेंबांतला मेद बॉम्बिकॉलसाठी खर्ची पडतो.

थेंब भरण्यासाठी मेदाम्ल बाहेरून आत आणणारं प्रथिन म्हणजे एफएटीपी. त्याची युक्ती अशी की मेदाम्ल आत येताच त्याला कोएन्झाइम-ए जोडलं जातं. या जोडणीनंतर रेणू मोठा आणि भारित होतो, परत पटलातून बाहेर निसटू शकत नाही. इथे मात्र दिशा खरोखर प्रथिनाच्या कामातच गुंफलेली आहे, कारण जोडणीला एटीपी खर्च होतो आणि ती उलटी फिरत नाही. आत आलेल्या ॲसिल-कोएन्झाइम-ए रेणूला सांभाळायला वेगळं प्रथिन असतं, एसीबीपी. सुमारे १० किलोडाल्टनचं, चार हेलिक्सांचं. रेशीमकिड्याच्या गंधग्रंथीत यातलं एफएटीपी किंवा ग्रंथीतलं खास एसीबीपी आरएनएआयने बंद केलं की बॉम्बिकॉल घटतं. साखळीतली कुठलीही कडी सुटली तरी शेवटचं उत्पादन कमी होतं.

थेंबातून बाहेर, आणि रक्तात

फॅट बॉडीत काम उलटं: साठा फोडून बाहेर द्यायचा. थेंबाच्या पृष्ठभागावर पेरिलिपिन कुळातली प्रथिनं बसलेली असतात. फळमाशीत त्यांना एलएसडी-१ आणि एलएसडी-२ म्हणतात. ही स्वतः मेद वाहत नाहीत, पण थेंबाजवळ लायपेजला, म्हणजे मेद फोडणाऱ्या एन्झाइमला, कधी येऊ द्यायचं हे बऱ्याच अंशी यांच्या हातात असतं. हार्मोनचा संदेश आला की एलएसडी-१ वर फॉस्फेट चढतं आणि मेद फुटायला लागतो. एलएसडी-१ नसलेल्या माशांत मेदाचे थेंब अवाढव्य होतात आणि माशी लठ्ठ होते. एलएसडी-२ नसलेली माशी उलट किडकिडीत राहते. ब्रमर नावाचं लायपेज नसेल तरीही माशी लठ्ठ होते, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं.

कीटकांचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. आपल्या चरबीच्या पेशी मेदाम्लं सुटी करून रक्तातल्या अल्ब्युमिनवर लादतात. कीटक बहुतांशी डायग्लिसराइड बाहेर देतात, म्हणजे तीनपैकी एक मेदाम्ल काढलेला रेणू. डायग्लिसराइडमध्ये एक मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे ते पटलाच्या पृष्ठभागाशी राहू शकतं आणि एका थरातून दुसऱ्या थरात पटकन उलटतं. ट्रायग्लिसराइडला हे जवळजवळ जमत नाही. मेद पटलापर्यंत आला की बाहेर लिपोफोरिन उभं असतं, आणि मध्ये देवाणघेवाण करणारा लिपिड ट्रान्सफर पार्टिकल, म्हणजे एलटीपी. हा तीन उपघटकांचा भलामोठा कण मॅन्डुका सेक्स्टा या पतंगात १९८६ मध्ये सापडला. प्रतिपिंडं वापरून एलटीपी अडवला तर आतड्याकडून लिपोफोरिनमध्ये जाणारं डायग्लिसराइड घटतं.

आणि लिपोफोरिन स्वतः माल उतरवून पुन्हा भरायला परत येतं. सस्तन प्राण्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारं एलडीएल पेशीत ओढलं गेलं की लायसोझोममध्ये जाऊन मोडलं जातं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या गटाने टोळाचा लिपोफोरिन-ग्राहक सस्तन प्राण्याच्या पेशींत बसवून दाखवलं की आत गेलेलं लिपोफोरिन, रक्तात लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या वाटेने, अखंड बाहेर येतं. ग्राहक एलडीएल-ग्राहकांच्याच कुळातला, पण आतल्या आम्लधर्मी कप्प्यातही तो लिपोफोरिनला सोडत नाही, म्हणून दोघं सोबतच परततात.

पिवळा कोष

मेदाम्लांपलीकडेही तेलकट रेणू असतात. कीटकांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं. त्यासाठी स्टेरॉल कॅरियर प्रोटीन-२ सारखी प्रथिनं आहेत. एडिस इजिप्ती डासातल्या या प्रथिनाची स्फटिकरचना २००३ मध्ये निघाली, आणि ते अडवणारी रसायनं डासांच्या अळ्यांवर मारक ठरतात का यावर कामही झालं आहे.

पण मला सगळ्यांत आवडतं ते कॅरोटिनॉइडचं उदाहरण, कारण त्यात वाहतूक नुसत्या डोळ्यांना दिसते. रेशीमकिड्याच्या काही वाणांचा कोष पिवळाधमक असतो, काहींचा पांढरा. पिवळेपणा तुतीच्या पानातल्या ल्युटीनसारख्या रंगद्रव्यांचा. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. आतड्याच्या पेशीतून ते रक्तात आणि तिथून रेशीमग्रंथीत जायला हवं. २००२ मध्ये रेशीमग्रंथीतून कॅरोटिनॉइड बांधणारं एक ३३ किलोडाल्टनचं प्रथिन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, सीबीपी. त्यात स्टार्ट नावाची घडी असते, मेद सामावणाऱ्या खोल खाचेची. रेशीमशास्त्रात 'पिवळं रक्त' हे लक्षण ठरवणारं वाय जनुक फार जुन्या काळापासून माहीत होतं. २००७ मध्ये कळलं की वाय जनुक म्हणजे याच सीबीपीचं जनुक. त्याची सदोष प्रत असलेल्या किड्यात धड प्रथिन तयार होत नाही: अळी तीच तुती खाते, पण रक्त रंगहीन आणि कोष पांढरा. अशा किड्यात सीबीपीचं जनुक बसवलं की रक्त आणि कोष दोन्ही पिवळे होतात. पुढे २०१० मध्ये दुसरी कडी सापडली, कॅमिओ-२. हे सीडी-३६ कुळातलं, पटलात बसणारं प्रथिन. ते नसेल तर रक्त पिवळं राहतं, पण ल्युटीन रेशीमग्रंथीत शिरत नाही आणि कोषाला तो रंग चढत नाही. पेशीच्या आतला वाहक आणि पेशीच्या दारावरचा ग्राहक ही दोन वेगळी कामं आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे समजावून सांगणं कठीण.

जिथे दोन पटलं जवळ येतात

आता ते अपवाद. काही ठिकाणी पेशी पाणी पार करण्याची पाळीच येऊ देत नाही. दोन पटलं इतकी जवळ आणते की मधलं अंतर दहा-वीस नॅनोमीटर उरतं. फळमाशीच्या डोळ्यातली प्रकाशग्राही पेशी याचा उत्तम नमुना. हजारो सूक्ष्म बोटांसारख्या उंचवट्यांनी बनलेला तिचा प्रकाश पकडणारा भाग, आणि त्याच्या पायथ्याला अगदी चिकटून आंतर्द्रव्यजालिकेचा एक चपटा कप्पा. उजेड पडला की पटलातलं पीआयपी-२ हे फॉस्फोलिपिड तुटतं. उजेड चालू राहिला तर त्याचा साठा संपेल. तो भरून काढायला लागणारं फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल जालिकेत तयार होतं, आणि आरडीजीबी हे प्रथिन ते त्या चिंचोळ्या फटीतून पेशीपटलाकडे पोचवतं. जालिकेवरच्या व्हॅप या प्रथिनाला धरून आरडीजीबी नेमक्या त्याच फटीत बसतं. मनाला येईल तिथे फिरत नाही. आरडीजीबी सदोष असलेल्या माशीचा डोळा उजेडात झिजत जातो, आणि त्यावरूनच 'रेटिनल डिजनरेशन बी' हे नाव आलं.

आणखी एक प्रकार म्हणजे व्हीपीएस-१३ आणि एटीजी-२ यांच्यासारखी लांबलचक प्रथिनं. यांच्या अंगावरून तेलकट खोबणी आरपार गेलेली असते. एक टोक एका पटलात, दुसरं दुसऱ्यात, आणि फॉस्फोलिपिड त्या खोबणीतून पन्हळीतल्यासारखं सरकत जातं. ही दोन्ही फळमाशीतही आहेत, आणि या क्षेत्रात सध्या सगळ्यांत जास्त हालचाल इथेच आहे.

खरंखुरं ओझं वाहणंही पेशीत घडतं, पण तिथे एकेक रेणू नेला जात नाही, सबंध थेंब नेला जातो. फळमाशीच्या भ्रूणात मेदाचे थेंब सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन आणि डायनेइन या मोटर-प्रथिनांच्या जोरावर सरकतात. एकच थेंब काही क्षण आत जातो, काही क्षण बाहेर, पण एका टप्प्यावर गोळाबेरीज आतल्या दिशेची असते आणि पुढच्या टप्प्यावर बाहेरची. थेंब आत गेले की भ्रूणाची कड काचेसारखी पारदर्शक दिसते. परत बाहेर आले की ती पुन्हा धूसर होते. हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. क्लार हे प्रथिन नसलेल्या भ्रूणात थेंब परत बाहेर येत नाहीत, म्हणून भ्रूण पारदर्शकच राहतो. हा तोल सांभाळण्याच्या कामात एलएसडी-२ चाही हात असतो. फॅट बॉडीतलं थेंबावरचं प्रथिन इथे वाहतुकीचं नियंत्रण करतं.

तुमच्या प्रकल्पासाठी

किरणोत्सारी रसायनं, अल्ट्रासेंट्रिफ्यूज यांच्या मागे न लागता फळमाशीच्या अळीवर बरंच काही करता येतं. तिसऱ्या अवस्थेतली अळी घ्या, सलाइनमध्ये उघडा. फॅट बॉडी ओळखायला सोपी: दोन्ही बाजूंना पसरलेल्या पांढुरक्या, किंचित पारदर्शक चादरी, द्रवात सुट्या तरंगणाऱ्या. आतडं वेगळं काढा. दोन्ही फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करा आणि नाइल रेड या मेदाला चिकटणाऱ्या रंगाने रंगवा. अल्कोहोल कुठल्याही पायरीवर नको. मिथेनॉलने स्थिर केलं किंवा इथेनॉलमधून निर्जलीकरण केलं तर मेद विरघळून निघून जातो आणि तुम्ही रिकाम्या भोकांचे फोटो काढत बसता. कव्हरस्लिप दाबू नका, थेंब एकमेकांत मिसळतात आणि आकाराची मोजणी खोटी ठरते.

बघायचं काय? लिपोफोरिनचं जनुक आरएनएआयने फक्त फॅट बॉडीत बंद केलेल्या अळ्या आणि साध्या अळ्या शेजारी ठेवा. फळमाशीत लिपोफोरिन फॅट बॉडीतच तयार होतं, आतड्यात नाही. तरीही ते कमी पडलं की आतड्याच्या पेशी मेदाच्या थेंबांनी तुंबतात. एका ऊतीत केलेला बदल दुसऱ्या ऊतीच्या पेशींत डोळ्यांना दिसतो, आणि वाहतुकीची साखळी कुठे तुटली हे त्यावरून सांगता येतं. ते जमलं तर दुसऱ्या टप्प्यात आतड्याच्या पेशींतच एफएबीपी बंद करून बघा आणि थेंब कुठे साठतात याची तुलना करा: आतड्याच्या पोकळीच्या बाजूला, मध्ये की रक्ताच्या बाजूला.

तुलनेच्या अळ्या एकाच दिवशी घातलेल्या अंड्यांतल्या, एकाच बाटलीइतक्या गर्दीत वाढलेल्या आणि एकाच वेळी खाणं थांबवलेल्या असाव्यात. उपाशी अळीच्या फॅट बॉडीतले आणि आतड्यातले थेंब काही तासांतच बदलतात. आरएनएआयच्या नियंत्रणासाठी नुसती साधी माशी पुरत नाही. ड्रायव्हर (ठरावीक ऊतीत आरएनएआय चालू करणारी जनुक-रचना) एकटा, आरएनएआयची रचना एकटी, आणि दोन्ही एकत्र, असे तिन्ही गट ठेवा. प्रत्येक गटातल्या फोटोंना नाव न देता क्रमांक द्या आणि थेंब मोजण्याचं काम अशा मित्राकडे द्या, ज्याला कुठला क्रमांक कुठल्या गटाचा हे माहीत नाही.